गळलेल्या पानापासून जिताड्यापर्यंत

कोकणातल्या एखाद्या खाडीकाठी, ओहोटीच्या वेळी, तिवरांच्या दाटीत उभे राहून पाहिले तर एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. वर हिरवा पाला दाट असतो आणि तो बहुतेक शाबूत असतो. काही पानांना किडींनी भोके पाडलेली दिसतात, काहींच्या कडा कुरतडलेल्या असतात, एखाद्या वर्षी अळ्यांची धाड पडून तिवराची झाडे निष्पर्णही होतात. पण एरवी एवढ्या पाल्याला खाणारे फारसे कोणी नाही, असेच चित्र असते. खाली चिखलात मात्र पाऊल टाकायला जागा नसावी इतकी वस्ती असते. बिळांतून डोकावणारे खेकडे, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, मुळांना चिकटलेली कालवे, रुतून बसलेल्या शिंपल्या, आणि भरती चढू लागली की तिच्याबरोबर आत शिरणारी कोळंबी, बोय, जिताडा. त्यांच्या मागावर बगळे, खंड्या, घारी, काही खाड्यांत पाणमांजरे, आणि अर्थातच जाळी घेतलेली माणसे. झाडावरचे अन्न जवळजवळ न खाल्लेले आणि खाणारी तोंडे एवढी, मग ही सगळी वस्ती जगते कशावर?

गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार ही आपण शाळेत शिकलेली अन्नसाखळी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ती साखळी खोटी नाही, पण ती जिवंताने जिवंताला खाण्याची वाट दाखवते, आणि खाडीत, जंगलात, किंबहुना जमिनीवरच्या बहुतेक परिसंस्थांत ऊर्जेचा मोठा हिस्सा त्या वाटेने जातच नाही. तो गळलेल्या पानांतून, मेलेल्या मुळांतून, बुरशीतून आणि जीवाणूंतून जातो. पुस्तकातल्या आकृत्यांत विघटकांना एका कोपऱ्यात जागा दिलेली असते, जणू त्यांचे काम इतर सर्वांचे खाणे संपल्यावरच सुरू होते. माझ्या मते ही मांडणी वाचकाच्या मनात कायमची चुकीची प्रतिमा रुजवते, कारण प्रत्यक्षात विघटक साखळीच्या शेपटीला नसून पुष्कळदा तिच्या मध्यभागी असतात. खाडी हे ते पाहण्याचे उत्तम ठिकाण आहे.

अन्नातल्या दोन निरनिराळ्या गोष्टी

पुढे जाण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. सजीवाला अन्नातून दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे हालचाल करणे, वाढणे, पेशी दुरुस्त ठेवणे या कामांसाठी लागणारी ऊर्जा. दुसरी म्हणजे शरीर ज्यापासून घडते ते पदार्थ, म्हणजे कर्ब, नत्र, स्फुरद आणि इतर खनिजे. आपल्या घासात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारी दवबिंदू ही इवलीशी वनस्पती मात्र तो भेद फार स्वच्छपणे दाखवते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात, त्यांवर बसलेला कीटक अडकतो, पान हळूहळू त्याच्यावर वळते आणि त्याचे पचन होते. ही वनस्पती मांसाहारी म्हणून प्रसिद्ध आहे, पण कीटकातून तिला हवे असते ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद, कारण कातळावरच्या पातळ मातीत ते फार थोडे असतात. ऊर्जेसाठी ती इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे सूर्यावरच अवलंबून असते.

आंब्यावर वाढणारे बांडगूळ आंब्याकडून पाणी आणि क्षार घेते, पण स्वतःच्या हिरव्या पानांत साखर स्वतः तयार करते. पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरणारी अमरवेल मात्र दोन्ही गोष्टी आश्रय देणाऱ्या झाडाकडूनच घेते. तिन्ही वनस्पतीच, पण तिघींचे हिशेब वेगळे.

हा भेद महत्त्वाचा अशासाठी की दोन्हींचा प्रवास वेगवेगळ्या नियमांनी होतो. पदार्थ फिरत राहतात: आज तिवराच्या पानात असलेला नत्राचा अणू काही दिवसांनी जीवाणूत, मग खेकड्यात, मग चिखलात आणि पुन्हा तिवराच्या मुळात जाऊ शकतो. ऊर्जेला असा परतीचा मार्ग नाही. ती सूर्याकडून येते, एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाताना प्रत्येक टप्प्यावर तिचा बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ती उष्णता कोणताही सजीव पुन्हा अन्न म्हणून वापरू शकत नाही. म्हणून कोणतीही परिसंस्था ऊर्जेच्या बाबतीत स्वयंपूर्ण नसते. तिला ऊर्जेचा पुरवठा बाहेरून सतत होत राहावा लागतो.

पानात साठलेला सूर्यप्रकाश

पुरवठ्याची सुरुवात पानातल्या हरितद्रव्यापासून होते. सूर्याकडून जमिनीवर पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण निम्मीच ऊर्जा हरितद्रव्याला उपयोगी पडणाऱ्या दृश्य प्रकाशाच्या रूपात असते. त्या प्रकाशाच्या बळावर पान पाण्याचे रेणू फोडते, त्यातला ऑक्सिजन बाहेर सोडते, आणि हायड्रोजनचा उपयोग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार करण्यासाठी करते. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर पाण्यातून सुटलेला असतो. साखरेच्या रेणूत जी ऊर्जा बांधली जाते, तिच्यावर पुढची सारी सजीवसृष्टी जगते. पण प्रत्यक्ष आकडा पाहिला तर झाडांवर पडणाऱ्या एकूण सूर्यऊर्जेच्या जेमतेम एक-दोन टक्केच ऊर्जा अशी बांधली जाते, आणि पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी.

बांधलेली ही ऊर्जा झाड सगळीच्या सगळी इतरांसाठी ठेवत नाही. झाडालाही श्वसन करावे लागते. खाडीतल्या झाडांचा हा खर्च समजून घेण्यासारखा आहे. तिवराच्या पानाची खालची बाजू उन्हाच्या दिवसांत निरखून पाहिली, तर तिच्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात आणि पान जिभेला लावले तर खारट लागते. मुळांतून आलेले जादा मीठ पानातल्या ग्रंथी बाहेर टाकत असतात आणि त्या कामाला ऊर्जा लागते. जमिनीखाली चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर येतात आणि त्यांच्यावरच्या छिद्रांतून हवा आतल्या मुळांपर्यंत पोहोचते. कांदळाच्या झाडाने वेगळा मार्ग काढला आहे. ते बरेचसे मीठ मुळांच्या दारातच अडवते आणि कमानीसारख्या आधारमुळांतून हवा घेते. हा सर्व खर्च वजा जाता जे उरते, ते पाने, खोड, मुळे, फुले आणि फळे यांच्या रूपात वाढते, आणि इतरांना खाता येण्याजोगे असते ते एवढेच.

न खाल्लेल्या पानाचे पुढे काय होते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तिवराचे किंवा कांदळाचे पान खाणे सोपे नाही. त्यात सेल्युलोज आणि लिग्निन यांसारखे चिवट पदार्थ असतात, जे पचवणारी पाचकद्रव्ये बहुतेक प्राण्यांच्या शरीरात तयारच होत नाहीत. गाईम्हशींनाही त्यासाठी पोटातल्या जीवाणूंची मदत घ्यावी लागते. शिवाय पानात टॅनिनसारखी तुरट द्रव्ये आणि मीठ असते, आणि नत्र कमी असते. त्यातच, पान गळण्याआधी झाड त्यातले बरेचसे नत्र काढून परत फांदीत घेते. पान पिवळे पडते त्या सुमारास ही काटकसर चालू असते. त्यामुळे चिखलावर पडणारे पिवळे पान ऊर्जेने भरलेले असले, तरी शरीर घडवण्याच्या दृष्टीने निकृष्ट असते.

पान पडल्यावर काही तासांतच त्यातले विरघळणारे पदार्थ पाण्यात उतरू लागतात आणि पानाचा ताबा बुरशीसारखे सूक्ष्मजीव आणि जीवाणू घेतात. हे जीव तोंडाने खात नाहीत. ते पाचकद्रव्ये शरीराबाहेर सोडतात, सेल्युलोजचे लांबलचक रेणू तोडून त्यांची साखर करतात आणि ती शोषून घेतात. आपले पचन पोटाच्या आत होते, त्यांचे पचन पोटाबाहेर, पानाच्या पृष्ठभागावरच होते, एवढाच फरक. नत्र पानात कमी असते म्हणून ते आजूबाजूच्या पाण्यातले नत्र ओढून घेतात आणि त्यापासून स्वतःची प्रथिने घडवतात. परिणाम असा होतो की पान जसजसे कुजत जाते, तसतसा त्याचा उरलेला चुरा अधिक पौष्टिक होत जातो.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये एरिक हील्ड आणि विल्यम ओडम यांनी कांदळाच्याच जातकुळीतल्या झाडांच्या पानांचा झाडापासून माशाच्या पोटापर्यंत पाठपुरावा केला. झाडावर असताना किडी आणि इतर प्राण्यांनी खाल्लेला पानांचा वाटा साधारण 5 टक्केच निघाला. ताज्या पानात प्रथिनांचे प्रमाण सुमारे 6 टक्के होते, गळताना ते त्याच्या निम्म्यावर आले होते, आणि खाऱ्या पाण्यात वर्षभर कुजलेल्या चुऱ्यात मात्र ते 20 टक्क्यांच्या वर गेले होते. लहान मासे, कोळंबी, खेकडे यांच्या पोटात हा चुरा सापडला, आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांपर्यंतची वाट उलगडली. चुरा खाणारा प्राणी त्यातल्या सूक्ष्मजीवांचा अंश पचवतो आणि पानाचा चिवट भाग विष्ठेवाटे बाहेर टाकतो. त्या विष्ठेवर पुन्हा जीवाणू वाढतात आणि ती पुन्हा कोणीतरी खातो. एकाच पानाचा चुरा अशा रीतीने कित्येक पोटांतून फिरतो.

आपल्याकडच्या आणि एकूणच हिंद व पश्चिम प्रशांत महासागरांच्या किनाऱ्यांवर या कामात खेकड्यांचा वाटा मोठा आहे. पाने खाणारे लहान खेकडे भरतीचे पाणी पान वाहून नेण्याआधीच ते ओढून बिळात नेतात. तिथे त्याचे तुकडे होतात, काही खाल्ले जातात, काही चिखलात गाडले जातात. ओहोटीच्या वेळी थोडा वेळ स्तब्ध उभे राहिले, तर पान आपोआप सरकत असल्यासारखे दिसते आणि मग त्याखालचा खेकडा दिसतो. त्यांच्याच शेजारी, एक नांगी प्रचंड मोठी असलेले खेकडे चिखल खाताना दिसतात. नराला ती मोठी नांगी खाण्यासाठी वापरता येत नाही. तो लहान नांगीने चिखलाचा कण उचलतो, तोंडाशी असलेल्या केसाळ अवयवांनी त्यातले शेवाळ आणि जीवाणू वेचून घेतो आणि उरलेल्या मातीची बारीक गोळी करून टाकतो. बिळाभोवती अशा गोळ्यांची रांगोळी पडलेली असते. मादीच्या दोन्ही नांग्या लहान असल्याने तिचे खाणे त्याच्यापेक्षा जलद चालते.

फ्लोरिडातील अभ्यासानंतर बराच काळ असे मानले गेले की खाडीतल्या साऱ्या मासळीचे मूळ कांदळवनातल्या पानांतच आहे. पुढे कर्बाच्या समस्थानिकांची तपासणी होऊ लागली तेव्हा हे चित्र थोडे बदलले. निसर्गात कर्बाचा एक किंचित जड प्रकारही असतो, त्याचे प्रमाण झाडाच्या पानात आणि पाण्यातल्या शेवाळात वेगवेगळे असते, आणि खाणाऱ्याच्या शरीरात खाल्लेल्या अन्नातलेच प्रमाण उतरते; त्यामुळे माशाच्या स्नायूचा तुकडा तपासून त्याचे अन्न कुठून आले हे बरेचसे सांगता येते. या तपासणीतून असे दिसले की कोळंबी आणि माशांच्या शरीरातला मोठा हिस्सा अनेक ठिकाणी चिखलावरच्या सूक्ष्म शेवाळातून आणि पाण्यातल्या वनस्पतीप्लवकांतून आलेला असतो, आणि पानांचा वाटा पूर्वी वाटला होता त्यापेक्षा कमी असतो. पानांची वाट खोटी ठरली नाही. तिच्या जोडीला दुसरी वाट आहे, हे कळले.

न दिसणारे शेवाळ

ही दुसरी वाट डोळ्यांना सहज दिसत नाही. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर जी तपकिरी-सोनेरी झाक दिसते, ती डायाटम नावाच्या एकपेशीय जीवांची असते. दिसायला हा थर नगण्य असतो आणि त्याचे वजन केले तर तो खाणाऱ्या प्राण्यांच्या वजनापेक्षा कमीही भरू शकतो. तव्यावर एका वेळी एकच भाकरी असते, तरी तिच्यावर सगळी पंगत जेवून उठते, तसेच येथे घडते: डायाटम एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, खाल्ले जातात आणि पुन्हा वाढतात. कोणत्या क्षणी किती साठा आहे यापेक्षा किती वेगाने उत्पादन होते, हे येथे निर्णायक ठरते. झाडाचे नेमके उलट असते. त्याचा साठा प्रचंड असतो, पण तो बहुतांशी लाकडात अडकलेला असतो.

निवट्यांकडे पाहिले तर दोन्ही वाटांचे टोक एकाच चिखलावर दिसते. निवटी हा मासा असूनही कातडी आणि तोंडाचे आतले अस्तर ओले ठेवून हवेत श्वास घेतो. त्यातली एक निळसर ठिपक्यांची मोठी जात डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत चिखलावरचे डायाटम खरवडून खाते, म्हणजे ती गाईसारखी चरणारी आहे. तिच्या शेजारची लहान जात मात्र किडे आणि बारीक खेकडे पकडते. दोघी एकाच नावाने ओळखल्या जातात, हाताएवढ्या अंतरावर राहतात, पण ऊर्जेच्या हिशेबात त्यांच्या पातळ्या वेगळ्या आहेत. अन्नसाखळीतली पातळी प्राण्याच्या नावावरून किंवा आकारावरून ठरत नाही, तो काय खातो यावरूनच ठरते, आणि बहुतेक प्राणी एकाहून अधिक पातळ्यांवरचे अन्न खात असल्याने प्रत्यक्षात साखळीऐवजी जाळे तयार होते.

हिशेब कसा मांडला गेला

परिसंस्था ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी 1935 मध्ये मांडली. त्या संकल्पनेला ऊर्जेच्या हिशेबाची जोड दिली ती रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी संशोधकाने. मिनेसोटामधल्या सीडर बॉग लेक या लहानशा तळ्याचा त्याने अनेक वर्षे अभ्यास केला आणि कोण कोणाला खातो यापेक्षा एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर किती ऊर्जा जाते, हा प्रश्न विचारला. त्याचा निबंध 1942 मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो छापून येण्यापूर्वीच, वयाच्या अवघ्या 26 व्या वर्षी, त्याचे निधन झाले होते.

पाठ्यपुस्तकांत 10 टक्क्यांचा नियम लिंडमनच्या नावाने सांगितला जातो: प्रत्येक पातळीवरून पुढच्या पातळीवर केवळ दहावा हिस्सा जातो. खुद्द लिंडमनच्या तळ्यात मात्र वनस्पतींकडून शाकाहारी प्राण्यांकडे 13.3 टक्के आणि त्यांच्याकडून मांसाहारी प्राण्यांकडे 22.3 टक्के असे आकडे आले होते. दहा टक्के हा ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, निसर्गाचा अटळ नियम म्हणून नाही.

1957 मध्ये हॉवर्ड ओडम यांनी, जे वर उल्लेखिलेल्या विल्यम ओडम यांचे काका, फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा हिशेब प्रसिद्ध केला आणि तो आजही आदर्श मानला जातो. एका चौरस मीटरवर वर्षभरात सुमारे 17 लाख किलोकॅलरी सूर्यऊर्जा पडत होती. त्यातून वनस्पतींनी सुमारे 20,810 किलोकॅलरी बांधल्या, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. त्यातल्या 11,977 त्यांनी स्वतःच्या श्वसनावर खर्च केल्या आणि 8,833 उरल्या. शाकाहारी प्राण्यांच्या वाट्याला 3,368 आल्या, त्यांना खाणाऱ्यांच्या वाट्याला 383, आणि सर्वांत वरच्या शिकारी माशांच्या वाट्याला केवळ 21. या हिशेबातल्या ज्या आकड्याकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही, तो मला सर्वांत बोलका वाटतो: विघटकांच्या वाट्याला 5,060 किलोकॅलरी आल्या होत्या, म्हणजे सर्व शाकाहारी प्राण्यांना मिळालेल्या ऊर्जेच्या दीडपट.

मधली ऊर्जा जाते कुठे? खाणाऱ्याला सगळे सापडत नाही, सापडलेले सगळे पचत नाही, आणि पचलेले सगळे शरीर वाढवण्याकडे जात नाही. या तिन्हींपैकी शेवटचा खर्च प्राण्याच्या जातीप्रमाणे फार बदलतो. पक्षी आणि सस्तन प्राणी शरीर सतत ऊबदार ठेवतात, म्हणून पचलेल्या अन्नापैकी त्यांच्या शरीरवाढीला साधारण एक ते तीन टक्केच उरतात. माशांत आणि कीटकांत हे प्रमाण पुष्कळ जास्त असते. एखाद्या पाणमांजराला रोज आपल्या वजनाच्या मानाने भरपूर मासे लागतात आणि तेवढ्याच वजनाच्या जिताड्याचे कमी अन्नात भागते, त्याचे कारण हेच.

वरच्या पातळीवर गर्दी का नसते

या हिशेबाचे परिणाम खाडीवर उघड दिसतात. ठाण्याच्या खाडीत, जिला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहितांचे थवेच्या थवे उतरतात आणि काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. त्यात बहुसंख्य असणारा लहान रोहित चोच पाण्यात उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतल्या बारीक कंगव्यांनी सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. तो सूर्यापासून एकाच पायरीवर आहे, म्हणून त्याच्या वाट्याला येणारी ऊर्जा मोठी आणि थवाही मोठा. त्याचा गुलाबी रंगही त्या शेवाळातल्या रंगद्रव्यांतूनच येतो. भोवतालच्या महानगरांच्या सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद या शेवाळाला खतासारखे पुरतात, ही गोष्ट सुखावह नसली तरी खरी आहे. याउलट कोकण किनाऱ्यावर घरटी करणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड मासे आणि समुद्रसाप खातो, सूर्यापासून तीन-चार पायऱ्या दूर असतो, आणि त्याच्या एका जोडीला किनाऱ्याचा मोठा पट्टा लागतो. तिथे कितीही संरक्षण दिले तरी रोहितांसारखे गरुडांचे थवे होणार नाहीत.

जिताडा महाग का, याच्या उत्तराचा एक भागही येथेच आहे. बोय मासा चिखलातले डायाटम आणि पानांचा चुरा खातो, त्यासाठी त्याच्या जठराचा एक भाग कोंबडीच्या पेटीसारखा जाड स्नायूंचा असतो. जिताडा बोय आणि कोळंबी खातो. दोन्ही मासे एकाच खाडीतून येतात, पण तेवढ्याच वजनाचा जिताडा तयार व्हायला खाडीला कित्येक पट ऊर्जा खर्च करावी लागते.

ऊर्जा पायरीगणिक घटते, पण काही विषे घटत नाहीत. डीडीटीसारखे कीटकनाशक किंवा पाऱ्याचे सेंद्रिय संयुग शरीरात साठून राहते, श्वसनात जळून जात नाही. अन्नाचा नऊ-दशांश भाग उष्णता होऊन निघून गेला तरी त्याच्यातले विष मागे उरते आणि वरच्या पातळीवरच्या प्राण्याच्या शरीरात त्याचे प्रमाण वाढत जाते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिका आणि युरोपमध्ये मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटू लागली, त्याचे कारण हेच निघाले.

चिखलातला वास आणि सूर्याशिवायचे अन्न

खाडीचा चिखल उकरला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. चिखलाच्या आत ऑक्सिजन नसतो, तरी तिथले जीवाणू कुजणे थांबवत नाहीत. ते ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून श्वसन करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू बनतो. या पद्धतीत ऊर्जा कमी मिळते आणि विघटन मंद होते, म्हणून खाडीच्या चिखलात पाने आणि मुळांचा कर्ब दीर्घकाळ साठून राहतो. कांदळवनांना कर्बसाठ्यासाठी महत्त्व दिले जाते ते झाडांपेक्षा या चिखलामुळे.

त्या वायूतही ऊर्जा शिल्लक असते. चिखलाच्या वरच्या थरात, जिथे थोडा ऑक्सिजन पोहोचतो, तिथे दुसरे जीवाणू हायड्रोजन सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून मिळणाऱ्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात. प्रकाशाविना अन्न तयार करण्याची ही पद्धत रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधली होती. 1977 मध्ये गॅलापागोस बेटांजवळ, समुद्राच्या अंधाऱ्या तळाशी, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती तिच्यावर उभी असलेली संपूर्ण वस्ती सापडली. तिथल्या माणसाएवढ्या उंच नळीकृमींना तोंड नसते, पोट नसते, आणि त्यांच्या शरीरात राहणारे जीवाणूच त्यांना अन्न पुरवतात. खाडीतली ही पद्धत त्या झऱ्यांइतकी स्वतंत्र नाही, कारण तिला लागणारा वायू शेवटी सूर्यावर वाढलेल्या पानांच्याच कुजण्यातून आलेला असतो.

भरती-ओहोटी अडली तर

महाराष्ट्रात तीनशे चौरस किलोमीटरहून थोडे अधिक कांदळवन आहे, आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून घोषित करण्यात आले. झाडांविषयीची ही आस्था स्वागतार्ह आहे. परंतु वर सांगितलेल्या दोन्ही वाटा पाण्याच्या ये-जा करण्यावर चालतात. भरती नत्र आणि गाळ आत आणते, माशांची आणि कोळंबीची पिल्ले आत आणते. ओहोटी पानांचा चुरा, त्यातून विरघळलेले पदार्थ आणि वाढलेली पिल्ले बाहेर नेते. रस्त्याच्या भरावाने किंवा बांधाने खाडीचा फाटा तोडला, आणि ठेवलेली उघाडी किंवा मोरी गाळाने बुजली, तर आतले पाणी साचते, तळाशी ऑक्सिजन संपतो, खेकड्यांची बिळे कमी होतात आणि पाने तिथल्या तिथे काळी पडून कुजतात. झाडे त्यानंतरही काही काळ हिरवी राहू शकतात आणि वरून काढलेल्या चित्रात क्षेत्र तेवढेच मोजले जाते. म्हणून कांदळवनाची पाहणी करताना झाडांच्या क्षेत्राबरोबर भरतीचे पाणी किती आत पोहोचते, मोऱ्या वाहत्या आहेत का, एका चौरस मीटरमध्ये खेकड्यांची बिळे किती आहेत आणि ओहोटीबरोबर किती चुरा बाहेर पडतो, याही गोष्टी मोजाव्या लागतात.